चार हजारच्या खाली बसवा

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि चाळीस गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पुण्याच्या कडेकडेने जमिनीचे व्यवहार करणाऱ्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. त्यातले शेवटचे सत्तेचाळीस मीटर किती महाग पडू शकतात, हेही त्याला ठाऊक असतं. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर घरं बांधायची, तर त्यातली काही घरं आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात. ती म्हाडा ठरवेल त्या माणसाला, नियमाने ठरलेल्या दरात द्यावी लागतात. भूखंड ३,९९९ मीटरचा असेल, तर एकही घर द्यावं लागत नाही.

कागदावर या नियमाचं नाव सर्वसमावेशक गृहनिर्माण योजना. बोलताना सगळेच 'वीस टक्के' म्हणतात. 'त्यांच्या स्कीमला वीस टक्के लागलं', 'आमचं वीस टक्क्यांतून सुटलं', अशी आमच्या धंद्यातली भाषा. नोव्हेंबर २०१३ मध्ये, पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारने ही अधिसूचना काढली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातही ती आहे. वर्तमानपत्रांतून आणि परिसंवादांतून वाद होतो तो वीस हा आकडा जास्त की कमी, याचा. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात मंजुरीचे नकाशे तयार करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. आमच्या टेबलावर वीसचा विषय सहसा निघत नाही. तिथे विषय असतो चार हजारचा.

"मॅडम, चार हजारच्या खाली बसवा." हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं आहे की ते आता नियमावलीतलंच एखादं कलम वाटावं. बोलणारा माणूस बदमाश असतो असं मुळीच नाही. बहुतेकदा तो पहिलीच किंवा दुसरीच इमारत बांधणारा असतो, गावातल्याच कुणाची जमीन जॉइंट व्हेंचरवर घेतलेला, आणि त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की चार हजार ओलांडलं की डोकेदुखी सुरू होते. ते खोटंही नाही. त्याच रेघेला आणखी एक गोष्ट बांधलेली आहे. ०.४ हेक्टर, म्हणजे तेच चार हजार मीटर गाठले की लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. त्या जागेचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, मिळतो, पण इमारत उभी करायला जमीन कमी उरते. दोन जबाबदाऱ्या एकाच आकड्यावर येऊन बसल्या की तो आकडा टाळण्यात दुप्पट फायदा असतो, हे कळायला कुणाला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

हे चार हजार मोजले कसे जातात, ते बघण्यासारखं असतं. २०१७ साली पुणे महापालिकेत अकरा गावं आली. त्यांतल्या एका गावातल्या मोजणीला मी गेले होते. सकाळची वेळ, ज्वारी निघून गेलेलं रान, बांधावर बाभळी. दोघे भाऊ, त्यांची मुलं, शेजारचे खातेदार आणि विकासकाचा एक माणूस, असे सगळे मोजणीदाराची वाट बघत उभे. भूमी अभिलेख खात्याची मोजणी म्हणजे शेजाऱ्यांना आधी नोटिसा जातात, ते हजर राहतात, हद्दी दाखवतात, जबाब देतात. पूर्वी तिपाईवर प्लेन टेबल मांडून तास न् तास चालायचं ते काम आता रोव्हरवर होतं. हातात एक लांब काठी, तिच्या टोकाला उपग्रहाचे संदेश घेणारं यंत्र. मोजणीदार बांधाच्या कोपऱ्यावर काठी उभी करतो, क्षणभर थांबतो आणि पुढे चालू लागतो. वाद मात्र पूर्वीचेच. उत्तरेकडच्या शेजाऱ्याने बांध कोरला आहे, असं थोरल्या भावाचं म्हणणं. शेजारी म्हणाला, "आप्पा, तुमच्या वडलांच्या हयातीत हा बांध असाच होता." आप्पांनी उत्तर दिलं नाही. नुसतं मोजणीदाराकडे बघितलं.

सातबाऱ्यावर त्या जमिनीचं क्षेत्र होतं ०.४१ हेक्टर, म्हणजे ४,१०० मीटर. मोजणीच्या 'क' प्रतीत ते निघालं ४,०३० च्या आसपास. आणि प्रत्यक्ष ताब्यात, म्हणजे बांधाच्या आतल्या वहिवाटीत, ३,९६० भरलं. मंजुरीच्या नकाशावर क्षेत्रफळाचा जो तक्ता असतो, त्यात हे तिन्ही आकडे लिहावे लागतात आणि त्यांपैकी सर्वांत लहान आकडा धरायचा, असा नियम आहे. एरवी या नियमाचा प्रत्येक विकासकाला राग येतो, कारण दहा मीटर कमी धरले की तेवढा एफएसआय गेला. त्या दिवशी राग कुणालाच आला नाही. थोरले भाऊ शेजाऱ्यावर दावा लावायची भाषा करत होते, तर विकासकाचा माणूस त्यांना बाजूला घेऊन समजावत होता, "आप्पा, जाऊ द्या ना चार फूट. कशाला कोर्टकचेरी?" शेजाऱ्याने खाल्लेली जमीन इतक्या आनंदाने सोडून देताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होते.

रेघेखाली येण्याची ही झाली आपोआप मिळालेली सवलत. बाकीच्या वाटा चालून काढाव्या लागतात. जमिनीच्या पुढून विकास आराखड्यातला रस्ता जात असेल, तर रुंदीकरणाखाली जाणारी पट्टी वजा होते आणि उरलेलं निव्वळ क्षेत्र बघितलं जातं. त्यामुळे एकराच्या जमिनीला दोन मीटरची पट्टी लागली तरी काम होऊन जातं. भावाभावांची वाटणी ही दुसरी वाट. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेतलं की दोन स्वतंत्र सातबारे होतात, दोन स्वतंत्र भूखंड होतात आणि दोन स्वतंत्र मंजुऱ्या. दीड एकराचे पाऊण-पाऊण एकर झाले की दोन्हीकडे शून्य. नंतर दोन्ही इमारती एकाच माणसाने बांधल्या, दोन भागीदारी संस्थांच्या नावाने बांधल्या, मधली भिंत कागदावरच राहिली आणि गेट एकच झालं, तरी नकाशात ते दिसत नाही. तिसरी वाट सर्वांत सोपी. चाळीस गुंठ्यांपैकी अडतीसच घ्यायचे. दोन गुंठे मालकाच्या नावावर राहू द्यायचे, तिथे तो बंगला बांधतो आणि खूश असतो.

यातलं काहीही बेकायदेशीर नाही. वाटणी खरीच असते, भाऊ खरेच वेगळे राहत असतात, बंगलाही खराच बांधला जातो. म्हणूनच या रेघेवर पोलीस नेमून काही होणार नाही, असं माझं मत झालं आहे. जिथे एका मीटरने सगळं किंवा काहीच नाही असा निकाल लागतो, तिथे तो मीटर सापडेपर्यंत लोक शोधत राहणार.

चार हजार हाच आकडा का धरला, याचं पटेल असं उत्तर मला कुठल्या कागदात मिळालेलं नाही. आपल्याकडे जमिनीच्या मापाला सामाजिक जबाबदारी बांधण्याची रीत जुनी आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात मुंबईसाठी ५०० आणि पुण्यासाठी १,००० चौरस मीटरची मर्यादा होती. त्यापुढची रिकामी जमीन सरकारजमा व्हायची, किंवा दुर्बल घटकांसाठी घरं बांधून देण्यासारख्या अटींवर तिला सूट मिळायची. त्या सुटीच्या कलम २० भोवती पुढे काय काय झालं ते सांगायला वेगळा लेख लागेल. केंद्राने तो कायदा १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ रोजी. जुना कायदा किती वाईट होता याची यादी विकासक आजही धडाधड सांगतात आणि त्यातलं बरंच खरं असतं. पण पुण्यात एकेकाळी हजार मीटरपाशी सुरू होणारी जबाबदारी आज चार हजारपाशी सुरू होते, एवढी नोंद त्या यादीच्या शेवटी करायला हरकत नाही.

आता त्या वीस टक्क्यांकडे बघू. चार हजार मीटरचा भूखंड आहे आणि सुटायची एकही वाट नाही, असं धरू. तर बांधायच्या घरांपैकी प्रत्येक पाचवं घर अल्प उत्पन्न गटाला मिळतं का? नाही. वीस टक्के मोजायचे असतात ते मूळ एफएसआयवर. गावठाणाबाहेरच्या भागात पुण्यात मूळ एफएसआय १.१. म्हणजे ४,४०० मीटर बांधकाम, त्याचे वीस टक्के ८८० मीटर. ही घरं ३० ते ५० चौरस मीटरची असावीत असा नियम आहे, त्यामुळे सरासरी चाळीसचं घर धरलं तर बावीस घरं होतात. पण आज १.१ वर कोण थांबतं? समोर १५ ते २४ मीटर रुंदीचा रस्ता असेल, तर प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन ०.९ मिळतो, बेरीज २.५. वीस टक्के मात्र मूळ १.१ चेच, म्हणजे ०.२२ वरच उभे. शिवाय ही घरं एफएसआयमध्ये मोजली जात नाहीत, ती वरून मिळतात. सगळं मिळून जे बांधलं जाईल, त्याच्या तुलनेत या घरांचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास येतो. रस्ता जितका रुंद, भूखंड जितका मोक्याचा, तितका हा वाटा घटत जातो. तीस मीटरच्या पुढच्या रस्त्यावर एफएसआय तीनपर्यंत जातो, तिथे तो सातच्याही खाली. महागड्या जागेवर जास्त बांधायला मिळतं आणि त्यातून द्यावं लागतं ते प्रमाणाने कमी. वीस टक्क्यांवर तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हा गुणाकार कागदावर करून दाखवला की खोलीत जरा शांतता होते.

हा तक्ता भरायला मला आवडतं, हे इथे सांगून टाकते. वरून खाली आकडे उतरत जातात. एकूण क्षेत्र, वजा रस्ता, वजा आरक्षण, निव्वळ क्षेत्र, मोकळी जागा, मूळ एफएसआय, प्रीमियम, टीडीआर. शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही माणूस येत नाही. तो येतो वीस टक्क्यांची इमारत लेआउटवर कुठे ठेवायची, हा प्रश्न निघाल्यावर.

ती कुठे ठेवली जाते हे नकाशा न बघताही सांगता येईल. मागच्या कोपऱ्यात, शक्य असेल तर बाजूच्या गल्लीतून वेगळा रस्ता काढून. ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याचं शेड आणि सांडपाण्याचा प्रकल्प ज्या बाजूला, त्या बाजूला. त्याच महापालिकेच्या हद्दीत तितक्याच किमतीच्या दुसऱ्या भूखंडावर ती घरं बांधून देण्याची मुभाही नियमात आहे. विकासक म्हणतो, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, दोन मजली पार्किंग या सगळ्याचा देखभाल खर्च त्या तीनशेवीस फुटांच्या घरातल्या माणसाला झेपणार आहे का? त्याला वेगळी सोसायटी करून दिली तर त्याचाच फायदा. यात तथ्य आहे, हे मी कबूल करते. पण वेगळी सोसायटी आणि वेगळं गेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाण्याची टाकी आणि मुलांची खेळायची जागा एकत्र ठेवून हिशेब वेगळा ठेवता येतो. आम्ही एकदा तसा लेआउट काढलाही होता. तो विक्री विभागाकडून परत आला, मधल्या कुंपणाची रेघ लाल शाईने काढून.

तीस मीटरच्या घराचा आराखडा काढणं हे मात्र खरं कसबाचं काम आहे. मोठ्या फ्लॅटमध्ये आर्किटेक्टच्या चुका सोफ्यामागे लपतात. इथे दार कुठल्या बाजूला उघडतं यावर कॉट बसते की नाही ते ठरतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन मीटर दिले की फ्रीज कुठे जाणार? कपडे वाळत घालायला जागा दिली नाही तर ते पुढच्या बाजूच्या खिडकीत येणार, आणि मग पुढच्या टॉवरमधले लोक त्याचीच तक्रार करणार. संडास आणि न्हाणी वेगळी ठेवली तर सकाळी सहा माणसांचं घर चालतं, एकत्र केली तर अडतं. या घरांचे नकाशे ऑफिसात सर्वांत ज्युनिअर मुलाकडे दिले जातात. माझं मत विचारलं तर ते सर्वांत अनुभवी माणसाने काढायला हवेत.

घरं उभी राहतात तेव्हा दुसरी साखळी सुरू होते. नियम असा की विकासकाने म्हाडाला कळवायचं, म्हाडाने सोडत काढून पात्र माणसांची यादी द्यायची आणि विक्रीचा दर बांधकामाच्या शासकीय दरावर पंचवीस टक्के वाढवून लावायचा. त्या पंचविसातले वीस विकासकाचे, पाच म्हाडाचे प्रशासकीय खर्चापोटी. या घरांचं पूर्णत्व झाल्याशिवाय बाकीच्या इमारतींना पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, अशीही अट आहे. कागदावर हा सगळ्यांत धारदार दात. विकासकांच्या संघटना यावर जी तक्रार करतात ती सरसकट उडवून लावण्यासारखी नाही. बांधकामाचा खरा खर्च शासकीय दरापेक्षा पुढे पळतो, घराचे पैसे विजेता ठरून त्याचं कर्ज मंजूर होईपर्यंत अडकतात, आणि त्या घरांचा तोटा शेवटी पुढच्या टॉवरमधल्या मध्यमवर्गीय खरेदीदाराच्या दरात चढतो. पहिल्या दोन गोष्टी मला पटतात. तिसरी अर्धीच पटते. पुढच्या टॉवरचा दर खर्चावरून ठरत नाही, बाजार जेवढा देईल तेवढा तो असतो. जबाबदारीचं ओझं आधीच माहीत असेल तर ते जमिनीच्या भावात उतरतं, म्हणजे मूळ मालकाला थोडं कमी मिळतं. आणि म्हणूनच ते सगळ्यांना सारखं आणि आधीपासून माहीत असणं महत्त्वाचं. एका बांधावर ते आहे आणि पलीकडच्या बांधावर नाही, अशा व्यवस्थेत ते कुणाच्याच भावात नीट उतरत नाही.

सोडतीचं पत्र आलेली माणसं साइटवर येतात तेव्हा बहुतेक वेळा जोडीने येतात. असं एक जोडपं मी फिरवून दाखवलं होतं. तो शाळेची व्हॅन चालवणारा, ती एका रुग्णालयात आया. पुणे महानगर क्षेत्रात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा आता नवरा-बायकोचं मिळून वर्षाला सहा लाख आहे. २०२२ मध्ये ती वाढवली, त्याआधी असे लोक मधल्या मध्ये अडकायचे. दोघांनी घरात शिरल्या शिरल्या नळ सोडून बघितला. मग बाईंनी ओट्यापाशी उभं राहून दोन्ही हात पसरले, अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "मिक्सर इथे, गॅस इथे. बसतंय." नवऱ्याचे प्रश्न वेगळे होते. व्हॅन कुठे लावायची? पार्किंगचे वेगळे पैसे मागितले आहेत, ते देणं बंधनकारक आहे का? बँक म्हणते की व्हॅनचं उत्पन्न कागदावर दाखवा, ते कसं दाखवायचं? पत्रावर मुदत छापलेली होती आणि बँकेचा माणूस सुटीवर होता. शेवटी मी त्यांना कागदपत्रांची एक यादी करून दिली, तेवढंच माझ्या हातात होतं. जाताना बाईंनी विचारलं, "मॅडम, आमचं गेट हेच का पुढचं?"

मागणी किती आहे हे वेगळं सांगायला नको, तरी एक आकडा देते. म्हाडाच्या पुणे मंडळाने २०२५ मध्ये ४,१८६ घरांची सोडत जाहीर केली, तिला दोन लाखांहून जास्त अर्ज आले. त्या घरांत मोठा हिस्सा याच योजनेतून आलेल्या घरांचा होता. म्हाडाने स्वतः जमीन घेऊन बांधलेली घरं आता तुलनेने थोडी असतात. म्हणजे रेघ कुठे ओढली आहे, यावर शहरातल्या सोडतीचा आकार अवलंबून आहे.

रेघ नुसती भूखंडावर नाही, शहरांवरही आहे. दहा लाख लोकसंख्येची अट २०११ च्या जनगणनेने मोजली जाते. त्यानंतरची, २०२१ ची, झालीच नाही. २०११ मध्ये सोलापूरची लोकसंख्या होती ९ लाख ५१ हजार. यंत्रमाग आणि विडी कामगारांचं हे शहर, जिथे कामगारांच्या सहकारी घरकुल वसाहतींनी देशाला उदाहरण घालून दिलं, ते दहा लाखांना थोडक्यात हुकलं आणि या नियमातून बाहेर राहिलं.

आणि नियम लागू असलेल्या शहरातही तो पाळला जातोच असं नाही. २०२२ च्या सुरुवातीला तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनीच जाहीर आरोप केला की नाशिकमध्ये विकासकांकडून म्हाडाकडे यायची हजारो घरं आलेलीच नाहीत. प्रकरण विधान परिषदेत गाजलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. मला त्या प्रकरणात नवल वाटलं ते एवढंच की इतकी वर्षं कुणी बेरीज केली नव्हती. प्रत्येक मंजूर नकाशावर क्षेत्रफळाचा तक्ता असतो. चार हजारच्या वरचे नकाशे वेगळे काढून वीस टक्क्यांची घरं मोजणं हे एका कारकुनाचं काही आठवड्यांचं काम.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी परगण्याने १९७४ मध्येच असा कायदा केला. सुरुवातीला तो पन्नास किंवा जास्त घरांच्या प्रकल्पांना होता, पुढे रेघ पस्तीसवर आणि मग वीसवर आणली. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहराने फेब्रुवारी २०१७ पासून वीस किंवा जास्त घरांच्या इमारतींना अशी सक्ती केली. नियम लागू होण्याआधी अर्जांची झुंबड उडाली आणि लागू झाल्यावर एकोणीस घरांच्या इमारती दिसू लागल्या. जमीन मोजण्याऐवजी घरं मोजा, असं मी पूर्वी म्हणत असे. पोर्टलंडचं वाचल्यावर तेवढ्याने भागत नाही हे लक्षात आलं. काहीही मोजलं तरी कडा आली की तिच्या अलीकडे गर्दी होते.

मग कडाच काढून टाकावी. आयकराचे टप्पे असतात तशी ही जबाबदारी चढत जायला हवी. हजार मीटरपासून सुरू व्हावी, सुरुवातीला अगदी थोडी, घर बांधून देणं शक्य नसेल तर तेवढी रक्कम म्हाडाच्या वेगळ्या खात्यात, आणि भूखंड वाढेल तसं प्रमाण वाढत जावं. मग ३,९६० आणि ४,०३० मधला फरक थोड्याशा रकमेचा उरेल आणि बांधावरून कुणी आप्पांची समजूत काढत बसणार नाही. प्रमाण मूळ एफएसआयवर न मोजता, मंजूर झालेल्या एकूण एफएसआयवर मोजावं. आणि वाटणीच्या बाबतीत एक तारीख ठरवावी. त्या तारखेला जे एका गटात होतं ते या नियमापुरतं एकच, मग पुढे सातबारे कितीही होवोत. छोट्या विकासकावर यात थोडा बोजा येईल, हे खरं. पण आज बोजा नेमका त्यांच्यावर आहे ज्यांना सुटायची वाट सापडली नाही, आणि तो न्याय मला तरी समजत नाही.

राज्याने मे २०२५ मध्ये 'माझे घर, माझे अधिकार' या नावाचं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचं उद्दिष्ट आहे. धोरणाचे शब्द मोठे असतात, पण घरं ठरतात ती विकास नियंत्रण नियमावलीतल्या फेरबदलांनी. ते फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली होतात आणि त्याआधी राजपत्रात व वर्तमानपत्रांत हरकती-सूचना मागवणारी नोटीस येते. नोटीस बारीक टायपात असते आणि तिच्यावर येणाऱ्या हरकती बहुतांशी विकासकांच्या आणि आमच्यासारख्या आर्किटेक्टांच्या असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, सोडतीचे अर्ज भरणाऱ्या माणसांची हरकत त्या गठ्ठ्यात क्वचितच असते. पुढची नोटीस दिसली की तुम्ही लिहा. मुदत महिनाभराची असते, वकील लागत नाही, साध्या कागदावर सही करून दिलेली हरकतही नोंदवून घ्यावी लागते.